हिदच्या प्लांटवर, चौदावी रात्र

बेटाला पाठ नसते.
हे मला इथं अकरा वर्षं काढल्यावर कळलं.
मागं सरायचं म्हटलं तर चार पावलांवर पुन्हा पाणी
आणि पाण्यापलीकडं पुन्हा तोच.

शिफ्टमध्ये त्याचं नाव कुणी घेत नाही.
रिफ्अत, आमचा मिसरी फोरमन, नुसती हनुवटी उचलतो
अंधाराकडं.
तो रेडिओवरून म्हणाला होता,
नकाशावर माशी बसली तर झाकून जाईल एवढं यांचं राज्य,
माशी उडायच्या आत संपवू.

पहिल्या दिवशी पुलाचं फाटक बंद झालं.
पलीकडच्या मित्रांनी निरोप धाडला : आम्हाला काळजी वाटते.
दुसऱ्या दिवशी विमानतळ गेला.
पाचव्या दिवशी वकिलातीची बोट.
बायकोला सांगितलं, माझा नंबर लागला नाही.
लागला होता.
पण त्या रात्री तीन नंबरच्या पंपाचं बेअरिंग तापत होतं
आणि ते नुसत्या हाताला कळेल
असा हात तेव्हा एकच उरला होता, माझा.
यात शौर्य वगैरे काही नाही. जास्तीत जास्त खोड.

आज त्यानं बॉम्ब टाकले नाहीत.
आज त्यानं तेल सोडलं.
मैलभर रुंद, काळं, सावकाश,
भरतीच्या पाठीवर बसून
आमच्या नरड्याकडं येणारं.
आम्ही समुद्र पितो आणि गोड करून गावाला देतो,
एवढंच आमचं काम. नरडं बुजलं
की दीड दिवसात मुहर्रकच्या नळांना कोरड.

तरंगता बांध होता तीनशे मीटर.
लागणार होता नऊशे.

खलफनं त्याच्या आत्यांना फोन लावला. बास, एवढंच.
मग फाटकाशी गाड्या यायला लागल्या, दिवे विझवून.
गाद्या. मासेमारीची जाळी. शाळेच्या तलावातले तरंगते दोर.
लग्नाच्या हॉलचे गालिचे, त्यांत अजून वेलदोड्याचा वास.
बंगाली पोरांनी पाण्याचे रिकामे कॅन आणले, दोनेकशे,
सुतळीत ओवलेले.
एक म्हातारी नुसतीच आली, सुई-दोरा घेऊन.

मी पेडणेकरांना फोन केला. मंडळाचे सेक्रेटरी.
म्हटलं, नाटकाचा पडदा?
पलीकडं बराच वेळ काही नाही.
मग : मखमल आहे रे ती. दोन हप्ते बाकी आहेत.
आणि पाऊण तासानं स्वतःच पिकअप घेऊन हजर,
पडद्याच्या कड्या तशाच, खुळखुळत.
जांभळा, अठ्ठेचाळीस फुटी,
ज्याच्या आड दरवर्षी कुणी ना कुणी
पहिलं वाक्य विसरून घाम पुसत उभा असतो.

कंबरभर पाण्यात आम्ही तो ताणला.
वरच्या कडेला कॅन, खालच्या कडेला दगड.
खलफ म्हणाला, त्याचा आजोबा मोती काढायचा,
तहान लागली की कातडी पखाल घेऊन
समुद्रातच बुडी मारायचा.
तळाशी झरे होते. खाऱ्याच्या पोटात गोडं.
'आता?'
'आटले,' म्हणाला, आणि दगडाला आणखी एक गाठ मारली.

चार वाजून दहा मिनिटांनी काळं पाणी आलं.
आवाज नाही. फक्त वास,
आणि लाटांचं चमकणं बंद.
गाद्यांपाशी घुटमळलं, जाळ्यांत शिरलं,
पडदा फुगला, आमच्याकडं झुकला,
पेडणेकर पुटपुटले, ओढू नका, ओढू नका कुणी, अजून वेळ आहे,
जसे विंगेत म्हणतात.

उजाडलं तेव्हा लॉगबुकात लिहिलं :
इनटेक एक व दोन बंद. तीन, चार चालू.
टाकीत पाणी चाळीस टक्के.
बेअरिंग गरम, हात ठेवण्याइतपत.
शत्रूची स्थिती या रकान्याला जागाच नाही आमच्या फॉर्मात.
शेरा : पडदा तेलात भिजला आहे.
उद्याही लागेल. मंडळाला कळवणे.